त्रयस्थांचे हक्क: लिंकन पुरी मुदत जगते तर

अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यालगत एडिस्टो नावाचं बेट आहे, लांब धाग्याच्या कापसासाठी एके काळी नावाजलेलं. १९ ऑक्टोबर १८६५ ला तिथल्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गुलामगिरीपायी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचं बंड मोडून यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं. बोलायला उभे राहिले होते जनरल ऑलिव्हर हॉवर्ड. कोटाची उजवी बाही रिकामी, तो हात १८६२ मध्ये व्हर्जिनियातल्या लढाईत गेलेला. मुक्त झालेल्या गुलामांसाठी सरकारनं जे नवं खातं काढलं होतं, फ्रीडमेन्स ब्यूरो, त्याचे ते प्रमुख. समोर बसलेल्यांचा त्यांच्यावर विश्वास होता, आणि अडचण नेमकी तीच होती. कारण त्यांना सांगायचं होतं की जी जमीन तुम्ही सरकारच्याच हुकमावर विसंबून कसायला घेतलीत, ती आता जुन्या मालकांकडे परत जाणार.

गलका उठला. हॉवर्डना पुढे बोलता येईना. मग गर्दीतल्या गोड गळ्याच्या एका बाईनं दुःखाचं भजन उचललं आणि अख्खं चर्च तिच्या मागून गाऊ लागलं. ते संपल्यावरच सभा पुढे सरकली.

नंतर बेटावरच्या तिघांच्या समितीनं, हेन्री ब्रॅम, इश्माएल मोल्ट्री आणि येट्स सॅम्पसन यांनी, हॉवर्डना पत्र लिहिलं. त्यातला एक भाग असा: तुम्ही आम्हाला बेटावरच्या जमीनमालकांना क्षमा करायला सांगता. लढाईत तुमचा फक्त उजवा हात गेला, तुम्ही कदाचित क्षमा कराल. पण ज्यानं मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून चाबकानं फोडलं, आणि आता त्याचीच लावणी केल्याशिवाय, तो देईल त्या दामावर राजी झाल्याशिवाय जो मला त्याच्या रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, त्या माणसाला क्षमा करणं मला जमायचं नाही.

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. फेरफार, हरकती, कुळांचे दावे. असले अर्ज मी पोत्यांनी वाचलेत, म्हणून हे पत्र वाचताना मला इतिहास आठवला नाही, चावडी आठवली. आणि खात्यातली सवय म्हणून पहिला प्रश्न पडला तो कागदाचा: या लोकांच्या हातात नेमकं काय होतं, आणि ते कोणी, कुठल्या कलमानं काढून घेतलं? त्यातून दुसरा प्रश्न आपोआप आला. सहा महिन्यांपूर्वी, १४ एप्रिलच्या रात्री, वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये बूथ नावाच्या नटानं राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेली गोळी चुकली असती तर हॉवर्ड त्या चर्चमध्ये हा निरोप घेऊन आले असते का?

जर-तरच्या खेळात माणसं फार लवकर सैल सुटतात. आवडता नेता जिवंत करायचा, मग त्याच्या तोंडी आपलेच विचार घालायचे. (पानिपतावर विश्वासराव वाचते तर काय झालं असतं यावर आमच्याकडे रात्री जागवल्या जातात, त्यातलाच हा प्रकार.) म्हणून मी एकच गोष्ट बदलतो. बूथला त्या रात्री लिंकन बसलेल्या बॉक्सचं दार उघडत नाही. लिंकन ५६ वर्षांचे आहेत, त्यांची दुसरी मुदत ४ मार्च १८६९ ला संपते, म्हणजे हातात चार वर्षांना दीड महिना कमी. बाकी सगळं होतं तसंच: तीच काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, तोच कर्जबाजारी खजिना, घरी जायला उतावीळ झालेली तीच फौज. आणि लिंकनच्या तोंडी फक्त तेच, जे त्यांनी लिहून ठेवलंय किंवा करून दाखवलंय.

प्रत्यक्षात त्यांच्या खुर्चीत आले ते अँड्र्यू जॉन्सन. टेनेसीचे, मूळचे शिंपी, पक्षानं डेमोक्रॅट (लिंकन रिपब्लिकन). फुटून निघालेल्या राज्यांपैकी सिनेटमधली आपली जागा न सोडलेले ते एकटेच सदस्य, म्हणून १८६४ च्या निवडणुकीत मेनच्या हॅनिबल हॅम्लिनना बाजूला करून त्यांना उपाध्यक्षपदासाठी घेतलं. युद्धाच्या धामधुमीत हा हिशेब बरोबर होता. ४ मार्च १८६५ ला शपथविधीच्या दिवशी ते आजारातून उठलेले, अंगात त्राण यावं म्हणून व्हिस्की घेतली आणि सिनेटसमोर बरळले. त्याचा गवगवा पुष्कळ झाला. माझ्या मते दारूचा मुद्दा फुकटचा आहे. शुद्धीत असताना त्यांनी जे केलं ते जास्त महागात पडलं.

त्यासाठी आधी कॅलेंडर बघायला हवं. काँग्रेसचं अधिवेशन मार्चमध्ये संपलं होतं आणि पुढचं थेट डिसेंबरात. म्हणजे एप्रिल ते डिसेंबर १८६५ या काळात हरलेल्या दक्षिणेचं काय करायचं हे एकटा राष्ट्राध्यक्ष ठरवणार. लिंकनना हे सोयीचं वाटत होतं. १४ एप्रिलच्या सकाळी, त्यांच्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत, काँग्रेस भरलेली नाही हे बरंच आहे अशा अर्थाचं ते बोलले होते. तेव्हा 'लिंकन असते तर' या प्रश्नाचं खरं वजन चार वर्षांवर नाहीच, ते या आठ महिन्यांवर आहे. पुढे जे बिनसलं ते बहुतेक सगळं यातच बिनसलं.

आता कागद.

१२ जानेवारी १८६५ च्या संध्याकाळी जॉर्जियातल्या सव्हाना शहरात सरकारी फौजेचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मगुरूंना बोलावून घेतलं. त्यांच्या वतीनं बोलले गॅरिसन फ्रेझर, वय ६७. हजार डॉलर मोजून त्यांनी १८५७ मध्ये स्वतःला आणि बायकोला विकत घेऊन मोकळं केलं होतं. तुम्ही स्वतःचं कसं भागवाल, असं विचारल्यावर त्यांचं उत्तर सरळ होतं: जमीन मिळावी, ती आम्ही आमच्या कष्टानं नांगरू, पिकवू. चारच दिवसांनी, १६ जानेवारीला, शर्मननी आपला पंधरा क्रमांकाचा विशेष हुकूम काढला. चार्ल्स्टनपासून दक्षिणेकडची बेटं आणि समुद्रापासून तीस मैल आतपर्यंतची नदीकाठची, मालक सोडून गेलेली भातखाचरं मुक्त झालेल्यांसाठी राखीव. एका कुटुंबाला जास्तीत जास्त चाळीस एकर. जूनपर्यंत सुमारे ४० हजार माणसं ४ लाख एकरांवर बसली होती. एडिस्टो त्यातच.

पण हुकमाची भाषा बारकाईनं वाचली की पोटात कालवतं. कुटुंबांना मिळणार होता तो कब्जाचा दाखला. मालकीचं काय ते काँग्रेस ठरवेल, तोवर फौज संरक्षण देईल. आमच्या भाषेत सांगायचं तर ताबा मिळाला, फेरफार बाकी. ज्यानं कधी तलाठ्याच्या दारात खेपा घातल्यात त्याला यातलं अंतर सांगायला नको.

मार्च १८६५ मध्ये लिंकन यांनी सही केलेल्या ब्यूरोच्या कायद्यातही हेच चाळीस एकर आहेत: तीन वर्षं खंडानं, नंतर विकत घ्यायची मुभा, आणि हक्क कसला, तर 'अमेरिकी सरकारला देता येईल तेवढा'. इतका सावध शब्दप्रयोग मी फक्त आमच्या शासकीय परिपत्रकांत पाहिलाय.

यापुढे दोन जाहीरनामे शेजारी ठेवून वाचायचे. पहिला लिंकन यांचा, ८ डिसेंबर १८६३ चा. जो बंडखोर निष्ठेची शपथ घेईल त्याला माफी, आणि मालमत्तेचे सगळे हक्क परत. मात्र गुलाम वगळून, आणि जिथे त्रयस्थांचे हक्क निर्माण झाले असतील अशी प्रकरणं वगळून. दुसरा जॉन्सन यांचा, २९ मे १८६५ चा. साचा तोच. माफी, मालमत्ता परत, गुलाम वगळून. पण त्रयस्थांचं वाक्य गेलं. त्याच्या जागी अपवाद आला तो जप्तीच्या कायद्याखाली कारवाई आधीच सुरू झालेल्या प्रकरणांचा.

एडिस्टोवर हे लावून बघा. तिथले मालक १८६१ च्या अखेरीस, सरकारी आरमार जवळच्या पोर्ट रॉयलला उतरल्यावर, पळून गेले. जमीन ओस पडली. जप्तीचा खटला नाही, कोर्ट नाही, काहीच नाही. नंतर एका सेनापतीच्या हुकमानं माणसं येऊन बसली. जॉन्सन यांच्या अपवादात ती बसत नाहीत. लिंकन यांच्या अपवादात ती चांगली बसू शकतात, कारण कब्जाचा सरकारी दाखला घेऊन पेरणी केलेलं कुटुंब त्रयस्थ नाही तर कोण? सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. मालकाचं नाव वर असलं तरी त्या रकान्यात कुळाचं नाव लागलेलं असेल तर मालकाला हवं तसं वागता येत नाही. १८६३ च्या जाहीरनाम्यात तो रकाना होता. १८६५ मध्ये तो खोडला गेला.

हे मी आज घरी बसून रचलेलं तर्कट नाही. हॉवर्डनी स्वतः हेच मांडलं होतं. २८ जुलै १८६५ च्या त्यांच्या तेराव्या परिपत्रकात स्पष्ट आहे की राष्ट्राध्यक्षांनी दिलेल्या माफीचा अर्थ मुक्त झालेल्यांसाठी राखून ठेवलेली जमीन परत करणं असा घेऊ नये, आणि अधिकाऱ्यांनी चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे पाडावेत. जॉन्सन यांनी ते मागे घ्यायला लावलं. सप्टेंबरात पंधरावं परिपत्रक निघालं, बरोबर उलटं. ऑक्टोबरात हॉवर्ड एडिस्टोला गेले. जमिनी परत करणारा माणूस तोच, ज्यानं त्या न देण्याचं परिपत्रक लिहिलं होतं. अशा वेळी अधिकाऱ्याचा चेहरा कसा होतो हे मला माहीत आहे.

तर लिंकन असते तर? जुलैचं परिपत्रक ज्यांच्या टेबलावर जातं, त्यांच्याच जुन्या जाहीरनाम्यात त्रयस्थांचं वाक्य आहे. स्टँटन मंत्रिमंडळात आहेत, शर्मनच्या हुकमाचा मसुदा त्यांच्या नजरेखालून गेलेला आहे. ते परिपत्रक टिकलं असतं असं मी ठामपणे म्हणतो. निदान डिसेंबरपर्यंत, निदान काँग्रेस भरून मालकीचा प्रश्न हातात घेईपर्यंत.

टिकलं असतं म्हणजे जमीन कायमची मिळाली असती असं मात्र नाही. इथे लिंकन यांचं दप्तर फारसं उत्साहवर्धक नाही. १८६२ च्या जप्ती कायद्यावर सही करण्याआधी त्यांनी काँग्रेसकडून वदवून घेतलं की जमीन जप्त होईल ती अपराध्याच्या हयातीपुरती, त्याच्या वारसांचा हक्क जाणार नाही. एडिस्टोपासून जवळच्या सेंट हेलेना आणि पोर्ट रॉयल बेटांवर, १८६२ च्या कर कायद्याखाली थकबाकीपोटी सरकारजमा झालेल्या जमिनी होत्या. ३१ डिसेंबर १८६३ ला लिंकन यांनी सूचना दिली की तिथे राहणाऱ्या कुटुंबांना लिलावाआधीच वीस किंवा चाळीस एकर ठरलेल्या दरानं धरून ठेवू द्यावेत. लोकांनी चर्चमध्ये रांगा लावून अर्ज भरले. स्थानिक कर आयुक्तांनी कुरकुर केली आणि फेब्रुवारीत ती सूचना मागे घेतली गेली. लिंकन यांनी सही केली, आणि मागे घेतली जात असताना ते आडवेही आले नाहीत. हे दोन्ही खरं आहे, आणि त्यांच्याबद्दल बोलताना लोक एकच अर्धा उचलतात.

काँग्रेसमधले जहाल रिपब्लिकन थॅडियस स्टीव्हन्स यांना हवी होती तशी मोठ्या जमीनदारांची सरसकट जप्ती लिंकननी केली असती असं म्हणायला कागदावर काहीही आधार नाही. त्यांचा हात वेगळ्याच खिशाकडे जायचा. फेब्रुवारी १८६५ मध्ये, युद्ध जिंकल्यात जमा असताना, त्यांनी मंत्रिमंडळापुढे प्रस्ताव ठेवला की गुलामांची राज्यं शरण आली तर गुलामांच्या मोबदल्यापोटी त्यांना ४० कोटी डॉलर द्यावेत. झाडून सगळे मंत्री विरोधात गेले, त्यांनी कागद बाजूला ठेवला. ही गोष्ट सहसा लिंकन यांच्या मवाळपणाचा दाखला म्हणून सांगतात. मला त्यात शक्यता दिसते. शर्मनच्या हुकमाखालची जमीन ४ लाख एकर. एकरी १० डॉलर असा दर नुसता हिशेबापुरता धरू, तरी होतात ४० लाख, म्हणजे त्या ४० कोटींचा शंभरावा हिस्सा. जो माणूस माणसांची किंमत मालकाला मोजायला तयार होता, तो जमिनीची मोजायला नकार देईल? मालकाला रोख, कुळाकडून हप्ते. आमच्याकडे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कूळ मालक मानलं गेलं तेही फुकट नव्हे. किंमत ठरली, हप्ते पडले, आणि त्यावरून भांडणं तीस वर्षं चालली. पण जमीन कुळाच्या नावावर आली. एडिस्टोवर असं काहीतरी, बेताबेतानं, रडतखडत झालं असतं, असा माझा अंदाज. चाळीस एकर नाही, वीस असतील. सगळ्यांना नाही, निम्म्यांना.

जमिनीपाशी मी मुद्दाम रेंगाळलो, कारण मताचा हक्क आणि घटनादुरुस्त्या यांच्याकडे वळलं की चित्र उलटं फिरतं आणि लिंकनप्रेमींना ते आवडत नाही.

मताबद्दल लिंकन काय म्हणाले होते? मार्च १८६४ मध्ये त्यांनी लुइझियानाचे नवे गव्हर्नर मायकेल हान यांना खासगी पत्र लिहिलं: काही कृष्णवर्णीयांना मताधिकार देता येईल का बघा, उदाहरणार्थ जे फार बुद्धिमान आहेत, आणि विशेषतः जे आमच्या बाजूनं शौर्यानं लढले. ११ एप्रिल १८६५ ला व्हाइट हाऊसच्या खिडकीतून, मागे धरलेल्या दिव्याच्या उजेडात वाचत, त्यांनी हेच पहिल्यांदा जाहीरपणे सांगितलं. गर्दीत बूथ उभा होता. हे त्याचं शेवटचं भाषण, असं तो तिथेच म्हणाला. म्हणजे ज्या एका वाक्यासाठी त्यांचा जीव गेला ते वाक्यसुद्धा 'सगळ्यांना मत' असं नव्हतं.

त्याच भाषणात लुइझियानाच्या अर्ध्याकच्च्या सरकारची त्यांनी बाजू घेतली: ते अंडं आहे असं समजा, पण कोंबडी हवी असेल तर अंडं उबवायचं की फोडायचं? त्यावर मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांनी सुनावलं, मगरीच्या अंड्यातून मगरच निघते. लिंकन गेल्यावर पंधरा महिन्यांतच, ३० जुलै १८६६ ला, त्या अंड्यातून काय निघालं ते दिसलं. कृष्णवर्णीयांना मत द्यावं म्हणून न्यू ऑर्लिन्समध्ये भरलेल्या बैठकीवर पोलिसांनी आणि जमावानं हल्ला केला, डझनांनी माणसं मारली. जखमींत मायकेल हानही होते, लिंकन यांनी ते पत्र ज्यांना लिहिलं तेच.

आणि एकट्या दक्षिणेला कशाला नावं ठेवायची? १८६५ च्या शरद ऋतूत कनेक्टिकट, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या उत्तरेच्या तीन राज्यांत कृष्णवर्णीय मताधिकारावर कौल घेतला गेला. तिन्ही ठिकाणी हरला. या वाऱ्यात लिंकन सार्वत्रिक मताधिकाराचा झेंडा घेऊन पुढे निघाले असते, हे मला पटत नाही. सैनिकांना, शिकलेल्यांना, एका राज्यात, मग दुसऱ्यात, असंच झालं असतं.

मग प्रत्यक्षात १८६७ मध्ये दक्षिणेतल्या दहा राज्यांत सगळ्या कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळालं ते कसं? जॉन्सन यांच्या कृपेनं. म्हणजे त्यांच्या हट्टानं. त्यांनी परत उभ्या केलेल्या राज्यांनी आठ महिन्यांत जुनी व्यवस्था नव्या नावानं आणली. मिसिसिपीत प्रत्येक कृष्णवर्णीयाकडे दर जानेवारीत नोकरीचा लेखी पुरावा हवा, आणि गावाबाहेर शेतजमीन भाड्यानं घ्यायला बंदी. दक्षिण कॅरोलायनात शेतमजुरी आणि घरकाम सोडून दुसरा धंदा करायचा तर वार्षिक परवाना फी. डिसेंबरात भरलेली काँग्रेस हे वाचून हादरली. इलिनॉयचे सिनेटर लायमन ट्रंबुल, काही जहाल नव्हेत, मध्यममार्गी, त्यांनी नागरी हक्कांचं विधेयक आणलं: इथे जन्मलेला तो नागरिक, करार करणं, दावा लावणं, जमीन घेणं-विकणं याचा हक्क गोऱ्याला तसाच त्याला. जॉन्सन यांनी २७ मार्च १८६६ ला नकाराधिकार वापरला. ९ एप्रिलला काँग्रेसनं तो मोडून कायदा केला. मध्यममार्गी जहालांच्या छावणीत ढकलले गेले ते या नकारानं.

लिंकन असते तर ट्रंबुल यांच्या विधेयकावर सही झाली असती, यात मला शंका नाही. ट्रंबुल त्यांच्याच राज्याचे, आणि मुळात लिंकन आपल्या पक्षाशी तुटेपर्यंत ताणत नसत. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंडला, बंडखोरांच्या राजधानीत, गेल्यावर त्यांनी व्हर्जिनियाच्या बंडखोर विधानमंडळाला एकत्र येऊ देण्याची परवानगी दिली, वॉशिंग्टनला परतल्यावर मंत्री नाराज दिसले, तर १२ एप्रिलला ती काढूनही घेतली. जॉन्सन असं एकदाही वागले नाहीत. कायदा झाला असता, भांडण झालं नसतं, आणि सगळे समाधानानं घरी गेले असते.

घोटाळा इथेच आहे. चौदावी घटनादुरुस्ती जून १८६६ मध्ये काँग्रेसनं मंजूर केली. कायद्यापुढे समान संरक्षणाचे ते शब्द ओहायोचे जॉन बिंगहॅम यांचे, आणि ते जॉन्सनशी भांडण होवो न होवो त्यांच्या डोक्यात होतेच. दुरुस्तीला स्वार्थाचंही एक कारण होतं: गुलामगिरी संपल्यावर काँग्रेसमधल्या जागा ठरवताना दक्षिणेतला पूर्वीचा प्रत्येक गुलाम तीन-पंचमांशाऐवजी पूर्ण माणूस मोजला जाणार, म्हणजे त्याला मत न देता दक्षिणेच्या जागा वाढणार. रिपब्लिकन पक्षाला ते परवडणारं नव्हतं. तेव्हा लिंकन असतानाही काही ना काही दुरुस्ती पुढे आलीच असती.

पण मंजुरीचं गणित करा. राज्यं ३६, तीन-चतुर्थांश म्हणजे २७. बंड केलेल्या अकरांपैकी एकट्या टेनेसीनं हो म्हटलं, दहांनी नाकारली. ३६ वजा १० म्हणजे २६. एक कमी. शिवाय डेलावेअर, केंटकी, मेरीलँड यांनीही नाकारली. दुरुस्ती तिथेच मेली असती. ती जगली कारण मार्च १८६७ मध्ये संतापलेल्या काँग्रेसनं, पुन्हा जॉन्सन यांचा नकार मोडून, त्या दहा राज्यांवर लष्करी अंमल बसवला, कृष्णवर्णीय पुरुषांना मत दिलं आणि सांगितलं की परत यायचं तर आधी ही दुरुस्ती मान्य करा. ९ जुलै १८६८ ला ती मंजूर झाली.

लिंकन यांनी राज्यं लवकर, गोडीगुलाबीनं परत घेतली असती. आणि परत आलेलं राज्य नकार देऊ शकतं, त्याच्या डोक्यावर काही टांगता येत नाही. म्हणून माझा निष्कर्ष, ज्याला लिंकन आवडतात त्यानं रागावून वाचावा असा: लिंकन जगते तर एडिस्टोचं भलं झालं असतं, आणि राज्यघटना कोरी राहिली असती. चौदावी नाही, वर्णावरून मत नाकारायला बंदी करणारी पंधरावी तर नाहीच. शाळांमधली वर्णभेदी विभागणी सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्ये ज्या शब्दांवर बेकायदा ठरवली, ते शब्दच नाहीत. १८६६ चा कायदा साधा कायदा म्हणून उरला असता, पुढच्या कुठल्याही बहुमतानं पुसता येण्यासारखा.

यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो दमदार आहे. चौदावी होती म्हणून झालं काय? १३ एप्रिल १८७३ ला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातच, कोलफॅक्स गावच्या कचेरीशी डझनांनी कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयानं न्यू ऑर्लिन्सच्या खाटीकखान्यांच्या खटल्यात चौदाव्या दुरुस्तीचा एक मोठा तुकडा निकामी करून टाकला. त्यानंतर सात आठवड्यांनी, १ जून १८७३ ची तारीख टाकून, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'ची प्रस्तावना लिहिली, आणि पुस्तक अर्पण केलं ते गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या सदाचारी लोकांना. इथून ते काम पुरं झालेलं दिसत होतं. तिथे ते उलगडायला लागलं होतं. घटनेतले शब्द जवळजवळ ऐंशी वर्षं पडून राहिले, आणि तेवढ्या काळात ज्या पिढ्या खंडानं दुसऱ्याचा कापूस वेचत गेल्या, त्यांना वीस एकर मिळाले असते तर त्या कदाचित म्हणाल्या असत्या, शब्द ठेवा तुमच्याकडे.

मला हा आक्षेप खोडता येत नाही. एवढंच सांगतो की पडून राहिलेले कागदही कुठे कुठे जातात. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी निवेदन तयार करताना डॉ. आंबेडकरांनी भेदभावाविरुद्धच्या संरक्षणासाठी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला. खुद्द अमेरिकेत १८६६ चा तो कायदा घर विकताना होणाऱ्या भेदभावाविरुद्ध न्यायालयानं परत बाहेर काढला तो १९६८ मध्ये.

एडिस्टोवर परत येतो. १८६६ मध्ये काँग्रेसनं शर्मनच्या दाखलेधारकांसाठी थोडी भरपाई केली. जुलैच्या ब्यूरो कायद्यानं, तोही नकार मोडूनच, त्यांना सरकारच्या ताब्यातल्या कर-लिलावाच्या जमिनीतून वीस एकर घेण्याची मुभा दिली. एडिस्टोची जमीन मात्र गेली ती गेली.

शेजारच्या बेटांवर वेगळं घडलं. तिथे कर थकला होता, लिलाव झाला होता, खरेदीखत हातात होतं. माफी मिळालेले मालक परत आले आणि खतावर येऊन अडकले. ब्यूफर्ट गावात रॉबर्ट स्मॉल्स नावाचा माणूस होता, तिथेच गुलाम म्हणून जन्मलेला. मे १८६२ मध्ये त्यानं चार्ल्स्टन बंदरातून बंडखोरांचं 'प्लँटर' जहाज बायकापोरांसकट पळवून सरकारी आरमाराच्या हवाली केलं होतं. पुढे तो काँग्रेसवर निवडून गेला. ज्या मालकाच्या घरी तो जन्मला, त्याचं ब्यूफर्टमधलं घर त्यानं कराच्या लिलावात घेतलं होतं. जुन्या मालकाकडून हक्क सांगणाऱ्या द ट्रेव्हिलनं दावा लावला: लिलावच बेकायदा, घर आमचं. दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागला १८७८ मध्ये. दक्षिणेतल्या सरकारांमागची फौज आदल्याच वर्षी काढून घेतलेली, मतदान केंद्रांवर बंदुका, न्यायालय कृष्णवर्णीयांच्या बाजूनं क्वचितच बोलत होतं. या खटल्यात ते लिलावाचे कागद तपासत बसलं, आणि घर स्मॉल्सचं राहिलं.